हे थडगं कुठल्या दिवशीचं आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्मनीत राहणाऱ्या एक ताई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या थडग्याची पुनर्निर्मिती केलेलं प्रदर्शन बघून आल्या. आतली दालनं उभी केलेली, त्यांत सोन्याने मढवलेल्या पेट्या, रथ, पलंग, पुढे काचेत मुखवटा. बाहेर पडताना मुलीने फलक वाचला, की इथली एकही वस्तू मूळ नाही. तिने विचारलं, "म्हणजे आपण सगळं खोटं बघितलं का?" ताईंना उत्तर सुचलं नाही. पैसे वाया गेले का, अशा प्रतिकृती बनवतात कशा, आणि पुन्हा गेलो तर काय बघायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी बावीस वर्षं संग्रहालयांच्या मांडणीचं काम करतो. सुरुवात प्लास्टरचे साचे काढण्यापासून केली, त्यामुळे प्रतिकृती या विषयावर माझा जीव आहे. उत्तर जरा लांबेल.

आधी पैशांचं सांगतो. वाया गेले नाहीत. तुम्ही जे बघितलंत ते आज इजिप्तमध्ये जाऊनही बघता येत नाही. थडगं आहे लक्सरजवळ, राजांच्या खोऱ्यात. त्यातून निघालेल्या पाच हजारांवर वस्तू गेल्या कैरोला, आणि आता त्या गिझाच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहेत. मधलं अंतर रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या वर. लक्सरला गेलात तर रिकामी खोली, चितारलेल्या भिंती, दगडी शवपेटी आणि काचेच्या पेटीत ठेवलेला राजाचा देह दिसेल. गिझाला गेलात तर वस्तू दिसतील, पण स्वच्छ केलेल्या, जोडलेल्या, एकमेकींपासून सुट्या. वस्तू आणि खोली यांची गाठ १९२२ ते १९३२ या दहा वर्षांत सुटली, ती पुन्हा बांधली जाणार नाही. ती बांधलेली बघायची असेल तर प्रतिकृतीशिवाय मार्गच नाही. मुलीला हे सांगा. खोटं म्हणजे मूळ असल्याचं सोंग करणारं. ज्या प्रदर्शनाने दारावर फलक लावला, त्याने सोंग केलेलं नाही.

पण प्रत्येक पुनर्निर्मिती चांगली असते असं मी म्हणणार नाही. माझी कसोटी एकच आहे. आत शिरलो की मी विचारतो, हे थडगं कुठल्या दिवशीचं आहे?

कारण थडगी तीन आहेत. पहिलं इसवी सन पूर्व १३२३च्या सुमाराचं, जेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांच्या राजाला घाईघाईने पुरलं आणि दार लिंपलं. दुसरं नोव्हेंबर १९२२चं, जेव्हा उत्खनन करणाऱ्या हॉवर्ड कार्टर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने भोक पाडून मेणबत्ती आत धरली. तिसरं आजचं, रिकामं. तिन्हींत भिंती त्याच, पण आतलं जग वेगळं. बहुतेक प्रदर्शनं या तिघांची भेळ करतात. भिंतींवर आजचे ओरखडे, मध्ये १९२२चं सामान, आणि सामान मात्र असं चकाकणारं की जणू काल सोनाराकडून आलंय. असा दिवस कधी उगवलाच नव्हता. बघणाऱ्याला कळत नाही, पण काहीतरी खटकतं. मुलीला "खोटं" वाटलं ते कदाचित यामुळेही असेल.

दुसरा दिवस उभा करणं सगळ्यात शक्य आहे, याचं श्रेय हॅरी बर्टन या माणसाला. तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचा छायाचित्रकार. कार्टरने त्याला मागून घेतलं. शेजारच्या एका रिकाम्या थडग्यात त्याने डार्करूम थाटली आणि वस्तू जागेवरून हलण्याआधी काचेच्या प्लेटांवर फोटो घेतले. एक फोटो झाला की वस्तूंजवळ क्रमांकाच्या चिठ्ठ्या ठेवून पुन्हा तोच फोटो. म्हणूनच आज कुठलाही मांडणीकार सांगू शकतो, की पहिल्या दालनात पशूंच्या आकाराचे तीन मोठे पलंग कसे ओळीने होते, त्यांच्याखाली अन्नाचे पांढरे डबे कसे रचले होते, सुटे केलेले चार रथ कुठल्या कोपऱ्यात एकमेकांवर पडले होते, आणि बंद दाराच्या दोन्ही बाजूंना काळ्या-सोनेरी रंगाचे दोन राखणदार कसे उभे होते. फोटो कृष्णधवल आहेत, म्हणून रंग मूळ वस्तूंवरून घ्यावा लागतो. कार्टरच्या नोंदींची कार्डं आणि बर्टनचे फोटो ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटने सगळ्यांसाठी संकेतस्थळावर खुले ठेवले आहेत. मुलीला घेऊन बसा. प्रदर्शनातलं दालन आणि फोटो शेजारी ठेवून फरक शोधायचा. यापेक्षा चांगला अभ्यास नाही.

या फोटोंत चोरांच्याही खुणा आहेत. थडगं प्राचीन काळीच दोनदा फोडलं गेलं होतं. एका फडक्यात गाठ मारून बांधलेल्या सोन्याच्या अंगठ्या तशाच सापडल्या, म्हणजे चोराला त्या टाकून जावं लागलं. चांगली पुनर्निर्मिती ही गाठ दाखवते. कामचलाऊ असेल तिथे अंगठ्या मखमलीवर मांडलेल्या असतात.

आणि जोडखोली, म्हणजे पहिल्या दालनाला लागून असलेली छोटी खोली? तिथे दोन हजारांवर वस्तूंचा नुसता ढीग होता, टोपल्या, मडकी, खुर्च्या, धनुष्यं, सगळं उलथंपालथं. बहुतेक प्रदर्शनं ही खोली गाळतात. बांधायला महाग आणि दिसायला पसारा. मला मात्र तीच हवी असते, कारण माणसांचे हात तिथेच सगळ्यात जास्त जाणवतात.

आता शवदालन. इथे मांडणीकाराची खरी परीक्षा असते.

खोली साधारण ६.३७ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद, म्हणजे आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या बऱ्यापैकी मोठ्या हॉलएवढी. तिच्यात जी बाहेरची सोन्याने मढवलेली लाकडी पेटी होती, ती ५.०८ मीटर लांब, ३.२८ मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर उंच. पेटी कसली, खोलीत खोलीच ती. भिंत आणि पेटी यांच्यामध्ये कुठे दीड हात जागा, कुठे हातभरसुद्धा नाही. त्या पेटीत दुसरी, दुसरीत तिसरी, तिसरीत चौथी, मग दगडी शवपेटी, मग एकात एक तीन शवपेट्या, आणि शेवटची ११० किलो सोन्याची. कार्टर आत गेला तेव्हा त्याला चित्रं अशी दिसलीच नाहीत. दिसली ती सोन्याची भिंत.

आता तुम्हीच सांगा, हे प्रेक्षकांना दाखवायचं कसं? पेटी खऱ्या जागी ठेवली तर भिंती दिसत नाहीत आणि दहा माणसंही आत मावत नाहीत. पेटी काढली तर चित्रं दिसतात, पण ती खोली कोणासाठी होती तेच जातं. त्यामुळे चारही पेट्या एका मोठ्या दालनात शेजारी शेजारी मांडायची पद्धत पडली आहे. त्यात गैर काही नाही, एक सोडून. दाटी हरवते. मी असतो तर जमिनीवर प्रत्येक पेटीभोवती खऱ्या खोलीची रेषा पांढऱ्या रंगाने आखून घेतली असती. त्या रेषेच्या आत मुलीला उभं केलं की हात न पसरताच तिला कळलं असतं.

ही दाटी कारागिरांनीही सोसली. दक्षिणेकडची आडभिंत, म्हणजे पहिलं दालन आणि शवदालन यांच्यामधली, पेट्या आत गेल्यानंतर बांधली आणि मग आतून रंगवली. चित्रकार त्या फटीत उभा राहून काम करत होता. उत्तरेच्या भिंतीवरच्या आकृती वीस चौकटींच्या मापाने, म्हणजे उभ्या माणसाची उंची वीस चौकटींत भागून आखल्या आहेत, जी तुतनखामेनच्या थोडं आधीच्या अखेनातेन राजाच्या काळातली पद्धत, आणि दक्षिणेच्या भिंतीवरच्या जुन्या पारंपरिक अठरा चौकटींच्या. एकाच खोलीत दोन मापं. दोन चमू, दोन सवयी आणि वेळ कमी, असं मी त्यातून वाचतो.

पेट्यांचे भाग जोडताना ते चुकीच्या बाजूने बसवले गेले. लाकडावर कुठला भाग कुठे लागायचा याच्या खुणा होत्या, तरी दारं पश्चिमेऐवजी पूर्वेला आली, आणि बसेना तिथे हातोड्याने ठोकलेलं कार्टरला दिसलं. दगडी शवपेटी पिवळ्या क्वार्टझाइटची, तिचं झाकण मात्र ग्रॅनाइटचं, रंग मारून पिवळं केलेलं, मधोमध तडकलेलं आणि गिलाव्याने बुजवलेलं. सगळ्यात मला आवडणारी गोष्ट बाहेरच्या शवपेटीच्या पायाशी आहे. झाकण बसेना, कारण राजाच्या पावलांकडचं टोक वर येत होतं. मग कुणा सुताराने वाकस घेऊन ते टोक सरळ तासून टाकलं. त्याच्या ढलप्या दगडी शवपेटीच्या तळाशी तशाच राहिल्या होत्या. तेहतीसशे वर्षं.

प्रतिकृतीत पावलांकडचं टोक गुळगुळीत पूर्ण केलेलं असेल, तर बनवणाऱ्याने फोटो नीट बघितला नाही असं समजा. टोक तासलेलं असेल आणि सोनेरी मुलाम्याखालचं लाकूड उघडं दिसत असेल, तर त्या माणसाला माझा नमस्कार.

बनवतात कसं, यावर. मार्ग दोन. पहिला कारागिरीचा. मोजमापं आणि फोटो घेऊन सुतार सांगाडा करतो, कोरणारा पटाशीने आकृती काढतो, वर सरस आणि खडूचा थर चढतो, तो वाळला की घासून त्यावर सोनेरी काम. तुम्ही पाहिलेल्या प्रदर्शनाच्या प्रकारात हाच मार्ग असतो, आणि हजारभर वस्तू करायच्या म्हणजे वर्षंच्या वर्षं जातात. साच्यातून रेझिनमध्ये ओतलेल्या वस्तूही त्यात असतात. त्या ओळखायच्या तर कडा बघा. ओतीव वस्तूची कड किंचित मऊ, साबणासारखी येते, कोरीव कडेला धार असते.

सोन्याबद्दल एक गोष्ट स्वतःची सांगतो, कारण तीत माझी चूक होती. एका प्रदर्शनासाठी आम्ही पेटीच्या पट्ट्या वर्खाऐवजी ब्रॉन्झ पावडरच्या रंगाने केल्या. बजेट नव्हतं आणि पहिल्या दिवशी फरकही दिसत नव्हता. चार पावसाळी महिन्यांत सोनं चॉकलेटी पडलं. पावडर म्हणजे तांबं-जस्त, हवेने काळवंडणारच. तेव्हापासून पैसे कमी असतील तर मी वस्तू कमी करतो, वर्ख सोडत नाही. वर्ख कोपऱ्यावर जसा फाटतो, सुरकुततो, खालचा लालसर थर जसा डोकावतो, ते ब्रशने येत नाही. डोळ्याला कारण कळत नाही, पण फरक कळतो.

दुसरा मार्ग यंत्राचा, आणि त्यातलं सर्वांत मोठं काम लक्सरलाच आहे. माद्रिदच्या फॅक्टम संस्थेने २००९ मध्ये तुतनखामेनचं शवदालन लेझरने मोजलं, भिंतीला स्पर्श न करता. एका चौरस मीटरला दहा कोटी बिंदू, म्हणजे दर ०.१ मिलिमीटरला एक नोंद. ब्रशचा केस जिथे रंगात अडकला तेही टिपलं जातं. मग यंत्राने फोमच्या फळ्यांवर तोच उंचसखलपणा कोरला. रंगांसाठी वेगळे फोटो, आणि शिवाय थडग्यात बसून हाताने रंगवलेल्या रंगकांड्या, भिंतीशेजारी धरून जुळवलेल्या. कॅमेरा रंगाबद्दल थापा मारतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं, म्हणून शेवटचा न्याय डोळ्याचा. रंग एका पातळ, लवचीक त्वचेवर छापला आणि ती त्वचा कोरलेल्या पृष्ठभागावर नेमकी बसवली. छापलेली भेग कोरलेल्या भेगेवर यायला हवी. केसभर सरकली तरी दोन भेगा दिसतात. २०१२ मध्ये हे काम इजिप्तला भेट दिलं गेलं आणि २०१४ मध्ये कार्टरच्या घराजवळ जमिनीखाली बसवून खुलं झालं.

ही प्रतिकृती मी म्हणतो तो प्रश्न विचारून बांधलीय. दिवस तिसरा, आजचा. भिंतींवरचे तपकिरी ठिपके एकूण एक उतरवले आहेत. ते ठिपके म्हणजे सूक्ष्मजीवांची वाढ, थडगं गिलावा आणि रंग पुरते वाळायच्या आत बंद केल्याची बहुधा खूण. लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेने २००९ ते २०१९ या काळात मूळ थडग्यात संवर्धनाचं काम केलं. बर्टनच्या फोटोंशी ताडून आणि नमुने तपासून त्यांनी निष्कर्ष काढला, की ते जीव कधीच मेलेले आहेत, ठिपके वाढत नाहीत, आणि रंगात मुरलेले असल्यामुळे काढताही येत नाहीत. भिंतींना आजचा धोका माणसांचा. श्वासाची वाफ, घाम, कपड्यांवरची धूळ. म्हणून तिथे हवा खेळती ठेवण्याची नवी यंत्रणा बसवली. आपण आदराने आत जातो आणि आपल्या श्वासाने इजा करतो, याचं मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं. प्रतिकृतीत मात्र पोरंबाळं, आजी-आजोबा, शाळेची अख्खी सहल निर्धास्त उभी राहू शकते, भिंतीच्या वीतभर अंतरावर नाक नेऊन बघू शकते.

ही काळजी नवी आहे. पूर्वी प्रत काढणंच मुळाच्या जिवावर येई. ऑक्टोबर १८१७ मध्ये जोव्हानी बेल्झोनी या इटालियन शोधकाने राजा सेती पहिला याचं थडगं शोधलं, त्या खोऱ्यातलं सर्वांत देखण्यांपैकी एक, शंभर मीटरहून लांब. त्याने भिंतींचे ठसे आणि चित्रं घेतली आणि १८२१ मध्ये लंडनच्या पिकॅडिलीतल्या इजिप्शियन हॉलमध्ये दोन दालनं खऱ्या मापात उभी केली. पहिल्याच दिवशी एकोणीसशे माणसं आली. पुनर्निर्मित थडग्याच्या प्रदर्शनांची गंगोत्री ती. पण त्याने आणि त्याच्यानंतरच्यांनी दाबून घेतलेल्या ओल्या ठशांबरोबर भिंतीवरचा रंगही निघून गेला. पुढे शाम्पोलियन आणि रोसेलिनी या इजिप्तच्या अभ्यासकांनी १८२९ मध्ये दारालगतचे कोरीव तुकडेच कापून नेले, ते पॅरिस आणि फ्लॉरेन्सला आहेत. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये सेतीच्या दालनांची जी प्रत मांडली, ती फॅक्टमच्याच हातची.

अजिंठ्याची गोष्ट आठवल्याशिवाय मला हे लिहिता येत नाही. मेजर रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं गुहेत बसून काढलेल्या प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जवळजवळ सगळ्या गेल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे.तल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा काम केलं, पेस्तनजी बोमनजी त्यांतले एक, आणि त्यांतल्याही बऱ्याच प्रती १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. चित्रं नीट दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश चढलं, ते पिवळं पडून बसलं. आज अजिंठ्याजवळच्या अभ्यागत केंद्रात लेणी १, २, १६ आणि १७ यांच्या प्रतिकृती आहेत, आणि त्यांमागचा विचार लक्सरचाच आहे. मूळ भिंतींवरचा भार हलका करणं. भारतात सुट्टीवर याल तेव्हा, केंद्र उघडं असेल तर, मुलीला दोन्ही दाखवा, आधी प्रतिकृती, मग लेणी. उलट क्रमाने नको. प्रतिकृतीत डोळा तयार झाला की अंधाऱ्या लेण्यातल्या पाच मिनिटांत तो कितीतरी जास्त टिपतो.

पुन्हा त्या प्रदर्शनाला गेलात तर काय बघायचं? छताकडे बघा. आग, हवा आणि दिवे यांच्या नियमांमुळे छत जवळजवळ नेहमी खऱ्याहून उंच किंवा उघडं ठेवावं लागतं, आणि चाकाची खुर्ची जावी म्हणून वाटाही रुंद. खऱ्या थडग्यात सोळा पायऱ्या उतरून एक आठेक मीटरचा अरुंद बोळ आहे, आणि १९२२ मध्ये तो खडीने छतापर्यंत भरलेला होता. तडजोड केल्याबद्दल राग नको, फक्त ती कुठे केली हे मुलीला शोधू द्या. पार्श्वसंगीत चालू असेल तर कानांवर हात ठेवून एकदा आत उभ्या राहा. ती जागा शांततेसाठीच बांधली होती. पश्चिमेच्या भिंतीवरची बारा माकडं मोजा, रात्रीच्या बारा तासांसाठी बारा. उत्तरेला नवा राजा आय बिबट्याचं कातडं पांघरून मृत राजाच्या तोंडाशी हत्यार धरून उभा आहे. तो "मुखोद्घाटन" विधी आहे, मेलेल्याला पुन्हा बोलता-खाता यावं म्हणून. असा विधी वारसाने करायचा, आणि आयने तो भिंतीवर रंगवून घेतला. वारस मीच, हे सांगायची त्याची जागा ती. मग दक्षिणेची भिंत बघा आणि एक तुकडा आहे की नाही ते तपासा.

त्या तुकड्याचं असं आहे. पेट्या बाहेर काढायच्या तर आडभिंत फोडावीच लागणार होती, आणि तिच्यावर आयसिस देवी आणि तिच्यामागे बसलेले तीन देव होते. कार्टरने तो भाग काढला. आज खऱ्या थडग्यात गेलात तर तिथे मोकळी जागा आहे. पण काढण्याआधी बर्टनने फोटो घेतला होता. लक्सरच्या प्रतिकृतीत, शवदालनाच्या बाहेरच्या खोलीत, त्या कृष्णधवल फोटोवरून रंगासकट पुन्हा घडवलेला तो तुकडा लावला आहे. मी खरं थडगं सकाळी बघितलं आणि प्रतिकृती दुपारी. आयसिस मला दुपारी भेटली.